कोंडाळ्यातून दारापर्यंत

1993च्या मे महिन्यात पुण्यातल्या कचरावेचक बायकांचा मेळावा भरला आणि त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तोवर शहरातल्या भंगाराचा पुनर्वापर कोंडाळ्यात वाकलेल्या पाठींवर चालत होता. कुजलेल्या अन्नाखाली फुटकी काच, गंजका पत्रा, वापरलेल्या सुया. हात कापला की धनुर्वाताची धास्ती. जखम चिघळली की दिवस बुडाला. वेचलेला कागद-पत्रा कारखान्यांना मिळे, दवाखान्याचा खर्च मात्र या बायकांच्या पदरी पडे. पुढे महापालिकेने त्यांना ओळखपत्रे दिली आणि आरोग्य विम्याचा हप्ताही भरला, याचे मोल मोठे आहे.

1994मध्ये सुरतेत प्लेग आला आणि साचलेल्या कचऱ्याची भीती देशभर पसरली. शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 2000 साली घनकचऱ्याचे नियम झाले.

पण माझ्या लेखी खरे वळण 2008चे. त्या वर्षी पालिकेने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी करार केला आणि बायका कोंडाळ्याऐवजी घरांच्या दारात आल्या. ओला-सुका वेगळा मिळाला, तर हात सडक्यात घालावा लागत नाही. आजूबाजूलाही फरक पडतो. ओल्याचे जागीच खत झाले की उंदीर-माश्यांचे खाद्य तुटते; करवंट्या, टायर, प्लास्टिकचे पेले वेळेवर उचलले गेले की पावसाचे पाणी साचत नाही आणि डेंगीच्या डासाला अंडी घालायला जागा उरत नाही.

एकत्र टाकलेल्या कचऱ्याची किंमत पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी मोजली. विहिरी नासल्या, डेपोच्या धुराने जीव गुदमरला. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या त्या उगाच नव्हे. ढिगात कुजणाऱ्या ओल्यातून मिथेन निघतो आणि आग धुमसत राहते. 2016च्या जानेवारीत देवनारच्या कचरा डेपोच्या धुराने मुंबईतल्या शाळा बंद पाडल्या.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचा प्रश्न मात्र अजून छळतो. 2013मध्ये पुण्याच्या वेचकांनी वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना धाडले. उत्पादकांनी पाकिटासोबत टाकाऊ पॅड गुंडाळायची पिशवी द्यावी, असे 2016च्या घनकचरा नियमांत लिहिले गेले. ती हाती येत नाही तिथे पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडके उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. एवढेही अनेक घरांतून होत नाही, आणि ते बिनठिपक्याचे पुडके आजही कोणीतरी हातानेच उघडते.