हेमू अधिकारी : वर्दी आणि पांढरे कपडे

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की गावसकर, वाडेकर ओघाने येतातच. लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी यांचे नाव मात्र क्वचितच निघते. मला ही उपेक्षा खुपते.

१९१९ साली पुण्यात जन्मलेला हा फलंदाज १९३६-३७च्या हंगामात, सतराव्या वर्षीच प्रथम श्रेणीत उतरला. पुढे महायुद्ध पेटले, इंग्लंड संघाचा १९३९-४०चा भारत दौरा रद्द झाला आणि १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. अधिकारींना पहिली कसोटी मिळाली १९४७च्या नोव्हेंबरात, ब्रिस्बेनला. वय अठ्ठावीस!

त्यात लष्कराची नोकरी. आधी कर्तव्य, मग क्रिकेट. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या कसोटीदरम्यान भारत ४७ सामने खेळला, त्यांना मिळाले २१. सगळेच नोकरीपायी हुकले असे नाही. पण बरेच हुकले.

जे मिळाले त्यातले मोलाचे दिल्लीत, फिरोजशाह कोटलावर. १९४८मध्ये वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर रचला, तेव्हा अधिकारींनी नाबाद ११४ केल्या. १९५२मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत नऊ बाद २६३ अशी अवस्था असताना अकरावा गडी गुलाम अहमद आला. एक बाजू अधिकारींनी लावून धरली, गुलामनेही अर्धशतक ठोकले आणि धावसंख्या ३७२वर गेली. अधिकारी नाबाद ८१. भारताचा हा शेवटच्या जोडीचा विक्रम २००४पर्यंत टिकला.

फेब्रुवारी १९५९मध्ये पुन्हा कोटला. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या मालिकेत उम्रीगर, गुलाम अहमद आणि मांकड असे तीन कर्णधार होऊन गेले होते, चौथे अधिकारी. वय एकोणचाळीस. ६३ आणि ४० धावा, लेगस्पिनवर तीन बळी आणि सामना अनिर्णित. ही त्यांची शेवटची कसोटी.

सेनादलाच्या संघाला मात्र त्यांनी घडवले. त्यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोनदा रणजीची अंतिम फेरी गाठली. स्वतः कव्हरला ते चित्त्यासारखे झेपावत. १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकली, तेव्हा व्यवस्थापक अधिकारीच होते. क्षेत्ररक्षणाच्या सरावात ते कुणालाच सूट देत नसत.