पंचाचा निर्णय: प्रेक्षकांचे समज आणि नियमपुस्तकातली वस्तुस्थिती

कबड्डीत निर्णय एका शिट्टीने जाहीर होतो, त्यामुळे तो एकाच माणसाचा असतो असे बहुतेकांना वाटते. ‘पंचाने सामना फिरवला’ हे वाक्य त्यातूनच येते. नियमाप्रमाणे मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच, त्यांच्या वर एक सरपंच, टेबलाशी गुणलेखक आणि दोन्ही टोकांना एकेक सहायक गुणलेखक अशी सहा जणांची रचना असते. कोण काय पाहणार हेही ठरलेले असते. स्पर्श, बोनस आणि पकड यांवर त्या त्या बाजूचा पंच नजर ठेवतो. अंतिम रेषेवरचा पाय आणि बाद खेळाडूंचा क्रम सहायक गुणलेखकाकडे असतो. दोन पंचांचे एकमत झाले नाही की सरपंच निर्णय देतो. नाशिकच्या हिरावाडीतल्या विभागीय क्रीडा संकुलात शालेय सामना पाहताना चढाईकडे न बघता पाच मिनिटे फक्त या सहा जणांकडे पाहावे. चढाईपटू कोपऱ्यात शिरला की त्या बाजूचा पंच रेषेला समांतर सरकतो. समोरचा पंच मात्र जागा सोडत नाही, कारण खेळाडूंच्या पाठी आड आल्या तर त्याच्याच कोनातून स्पर्श दिसण्याची शक्यता असते.

खो-खोतही दोन पंच, सरपंच, वेळाधिकारी आणि गुणलेखक असतात. या खेळाबद्दलचा नेहमीचा गैरसमज म्हणजे आक्रमकाने फाउल केला की बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळायला हवा. प्रेक्षक त्यासाठी ओरडत राहतात आणि पंच गुण ‘खातो’ असे म्हणतात. पारंपरिक नियमात फाउलचा गुण नसतो. पंच आखूड शिट्ट्या वाजवतो, आक्रमकाला उलट दिशेला वळावे लागते आणि त्या फाउलच्या फायद्याने बाद केलेला गडी बाद धरला जात नाही. शिक्षा दिशेची असते, गुणांची नाही.

निर्णय एकाच माणसाचा असतो, हा समज कुस्तीत सर्वात महाग पडला आहे. महाराष्ट्र केसरी किताबाशी नाशिकचे नाते जवळचे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवून गदा मिळवली. एका गुणाने किताब ठरतो तेव्हा तो गुण कसा दिला जातो हे माहीत असायला हवे. गादीवरच्या कुस्तीत रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात आणि गुण धरला जाण्यासाठी तिघांपैकी दोघांचे मत जुळावे लागते. चितपटही रेफ्री एकट्याने जाहीर करत नाही. दोन्ही खांदे गादीला लागलेले आणि क्षणभर दाबून धरलेले दिसले, तरी जजची, नाहीतर मॅट चेअरमनची संमती मिळाल्यावरच तो गादीवर हात आपटतो. गुणाबद्दल शंका असेल तर कोपऱ्यातला प्रशिक्षक चॅलेंज मागू शकतो. मग चित्रीकरण तपासले जाते आणि चॅलेंज फसले तर समोरच्या मल्लाला एक गुण मिळतो. ही सोय वापरायची की नाही हे प्रशिक्षकाने काही सेकंदांत ठरवायचे असते.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या लढतीत शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवले गेले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असे राक्षेचे म्हणणे होते. ते खरे की खोटे यावर वाद होऊ शकतो आणि तो झालाही. पण त्याने पंचाला लाथ मारली आणि त्या लाथेबरोबर त्याची बाजूही बुडाली. अंतिम लढतीनंतर महेंद्र गायकवाडनेही गोंधळ घातला. राज्य कुस्तीगीर संघाने दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. निर्णय चुकीचा असू शकतो हे नियम मान्य करतो, म्हणूनच तो चॅलेंज आणि लेखी तक्रार या वाटा ठेवतो. पंचाच्या अंगावर हात टाकण्याला मात्र कोणत्याही खेळात जागा नाही.

चुकीचा निर्णय म्हणजे पंचाला नीट दिसले नाही, असेही सरसकट मानले जाते. कित्येकदा सगळ्यांना सगळे स्वच्छ दिसते आणि तरीही पेच पडतो. हांगचौ आशियाई स्पर्धेतला ७ ऑक्टोबर २०२३ चा भारत-इराण पुरुष कबड्डी अंतिम सामना हे त्याचे उत्तम उदाहरण. या भारतीय संघात नाशिकचा आकाश शिंदेही होता. गुण २८-२८ असे बरोबरीत होते आणि सामना संपायला दीड मिनिटही उरले नव्हते. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही मागोमाग तिथे शिरले. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत हे बाजूचे राखीव क्षेत्र खेळाबाहेर असते. जुन्या नियमाने पवन आणि त्याच्यामागे गेलेले सगळे बाद, तर नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. काय घडले यावर कोणाचाच वाद नव्हता, वाद होता तो कोणता नियम लागू आहे याचा. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झुकला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि भारत ३३-२९ असा जिंकला. सामन्याआधी पंच आणि संघव्यवस्थापकांची बैठक का घेतात, हे या तासाभरातून कळते. जिल्हा स्पर्धांत ही बैठक अनेकदा हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमात हरवते, हे अजिबात बरे नाही.

‘पंचाचा निर्णय अंतिम’ याचा अर्थ दिलेला निर्णय बदलता येत नाही, असा घेतला जातो. क्रिकेटच्या कायद्यांत तसे नाही. लगेच लक्षात आले तर पंच आपला निर्णय स्वतः बदलू शकतो. क्षेत्ररक्षण करणारा कर्णधारही पंचाच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले गेले होते. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलर आणि बॉथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना दहा गड्यांनी जिंकला. अपीलबद्दल आणखी एक गोष्ट गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सहसा ठाऊक नसते. अपील झाले नाही तर फलंदाज पायचीत आहे हे डोळ्यांना दिसत असूनही पंच बोट वर करू शकत नाही.

आता कॅमेरे आहेत, पंचाची गरज फारशी उरली नाही, असे मत तरुण प्रेक्षकांत जोर धरत आहे. दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांवरून बनलेले हे मत देशातल्या बहुतांश मैदानांना लागू पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना झाला. त्यात महाराष्ट्राचा अनुभवी फलंदाज अंकित बावणे खेळू शकला नाही. आधीच्या, सेनादलाविरुद्धच्या सामन्यात झेलबाद दिल्यावर तो मैदान सोडायला तयार झाला नव्हता आणि खेळ खोळंबला होता. चेंडू आधी जमिनीला लागला होता, असा त्याच्या बाजूचा दावा होता. त्या सामन्यात डीआरएसची, म्हणजे चित्रीकरणावरून निर्णय तपासून घेण्याची, सोय नव्हती. बावणेवर एका सामन्याची बंदी आली आणि ती नाशिकच्या सामन्यात लागू झाली. रणजीच्या पातळीवर ही स्थिती, तर तालुक्याच्या मैदानावर दोन माणसांचे डोळे एवढेच तंत्रज्ञान असते. शिवाय डीआरएस जिथे आहे तिथेही पायचीतचा चेंडू यष्टीला जेमतेम लागत असेल, तर मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो.

पंच होण्यासाठी मोठा खेळाडू असावे लागते, हा समज अनेकांना या वाटेवर येऊच देत नाही. आयसीसीच्या एलिट पॅनेलवर पोहोचलेला इंदूरचा नितीन मेनन लिस्ट ए दर्जाचे दोनच सामने खेळला होता. वृंदा राठी मुंबई विद्यापीठाकडून खेळली, नंतर गुणलेखक झाली आणि तिथून पंचगिरीकडे वळली. जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंचांमध्ये ती होती. तिचा सामना गोव्यात पर्वरीला, गोवा विरुद्ध पुदुच्चेरी असा झाला. पुरुषांच्या सामन्यात महिला पंच चालणार नाही, या समजाला त्या दिवशी उत्तर मिळाले.

याच्या उलटही एक समज आहे: खेळलेल्या माणसाला नियम येतातच, परीक्षा ही केवळ औपचारिकता. २०२२ मध्ये बीसीसीआयने अहमदाबादला महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंचांची परीक्षा घेतली. २०० पैकी १०० गुण लेखी परीक्षेला होते. बाकीचे तोंडी, चित्रफितींवरची आणि शारीरिक चाचणी यांत विभागले होते. सुमारे १४० जण बसले आणि तिघेच उत्तीर्ण झाले. एक प्रश्न असा होता: पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडते आणि फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? इमारतीच्या आणि झाडाच्या सावलीकडे लक्ष द्यायचे नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र जागेवर स्थिर राहायला सांगायचे आणि तो हलला तर चेंडू ‘डेड’ द्यायचा. प्रश्न पाठांतराचा नाही. हलणारी सावली फलंदाजाचे लक्ष वेधते, न हलणारी वेधत नाही, एवढे ओळखण्याचा आहे.

शारीरिक तयारीचा मुद्दा फुटबॉलमध्ये सर्वात ठळक. आंतरराष्ट्रीय रेफ्रीच्या चाचणीत ७५ मीटर सुमारे १५ सेकंदांत धावायचे, २५ मीटर चालायचे आणि हे ४० वेळा करायचे, म्हणजे एकूण चार किलोमीटर.

पंच यजमानांचाच असतो, हा संशय जुना आहे आणि एकेकाळी त्याला आधारही होता. कसोटी क्रिकेटमध्ये दीर्घकाळ दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. १९८६ मध्ये लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि त्यांच्याबरोबर व्ही. के. रामस्वामी तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. तटस्थ पंचांची पद्धत पुढे नियमच झाली. शालेय स्पर्धांत पंच बहुधा क्रीडाशिक्षकच असतात. त्यामुळे ज्या सामन्यात स्वतःची शाळा खेळते तिथे त्यांची नेमणूक न करणे, हाच सरळ उपाय आहे.

मानधनाबद्दलचे समज क्रिकेटच्या आकड्यांवरून बनतात. २०२२ मध्ये बीसीसीआयच्या वरच्या श्रेणीतल्या पंचाला प्रथम दर्जाच्या सामन्यात दिवसाला सुमारे ४० हजार आणि खालच्या श्रेणीत सुमारे ३० हजार रुपये मिळत होते. कबड्डी, खो-खो आणि कुस्तीचे जिल्हास्तरीय पंच मात्र नोकरी सांभाळून, सुट्टी काढून आणि किरकोळ मानधनावर उभे राहतात. त्यांनी सही केलेले गुणपत्रक तरीही कमी महत्त्वाचे नसते. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण ज्या प्रमाणपत्रांवर मिळते, ती शेवटी अशाच नोंदींवर उभी असतात.

निर्णय पटला नाही तर पंचाशी बोलण्याचा अधिकार संघनायकाचा असतो आणि तक्रार स्पर्धेच्या नियमात दिलेल्या मुदतीत, लेखी करायची असते. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी मैदानात धाव घेण्याऐवजी हा मार्ग धरावा. आणि खेळणे थांबलेल्या मुला-मुलींनी आपापल्या खेळाच्या जिल्हा संघटनेकडे पंच परीक्षेची चौकशी करावी.