सतरा वर्षांच्या पोरात कोच काय बघतो? पहिला माणूस ठेवण्याआधी हे वाचा



आज विषय जरा लांबचा घेतलाय. अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालून, लंबगोल बॉल काखेत धरून धावतात ना, तोच. तुम्ही म्हणाल, आपल्या गल्ल्याशी याचा काय संबंध? आहे. दुकानात पहिला माणूस ठेवताना तुमच्यापुढे जो प्रश्न असतो, तोच तिथल्या कॉलेज कोचपुढे दरवर्षी असतो. पोरगा सतरा वर्षांचा, मोठ्या मैदानाचा अनुभव शून्य, आणि पैसे मात्र आजच अडकवायचे. फरक एवढाच की त्यांनी निवडीची एक पद्धत बसवलीय, आणि आपण "ओळखीतला आहे, घेऊन टाका" यावर चालतो.

आधी पैशाचं बघू. अमेरिकेत हायस्कूलला सुमारे १० लाख मुलं फुटबॉल खेळतात. कॉलेजच्या संघापर्यंत पोचतात शंभरातली सातेक. सगळ्यात वरच्या पातळीच्या संघाला कित्येक वर्षं ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. महागड्या खाजगी विद्यापीठात एका मुलाचा चार वर्षांचा खर्च २ लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. म्हणजे चुकीचा पोरगा घेतला की तेवढी जागा अडकली, आणि योग्य पोरगा समोरच्या संघात गेला. कोचची नोकरी यावरच टिकते किंवा जाते.

यातली वाइड रिसीव्हरची जागा मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. काम ऐकायला सोपं. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, ठरलेल्या वाटेने धावायचं (त्या वाटेला रूट म्हणतात), आणि क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पकडायचा. समोर तुम्हाला अडवायला कॉर्नरबॅक नावाचा गडी टपलेला असतो. आता असा पोरगा पारखायचा कसा?

लोक पहिल्यांदा वेग विचारतात. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत? ४.४ म्हणजे भन्नाट, ४.६ म्हणजे ठीकठाक. पण गंमत बघा, हातातल्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा बहुतेक वेळा कमीच भरते, कारण बटण दाबणाऱ्याचा हात उशिरा हलतो. शिवाय पोरगं आपलं असेल तर हात अजूनच प्रेमळ होतो! म्हणून अनुभवी कोच विचारतो, शाळेच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत १०० मीटर किती सेकंदांत धावलास? लांब उडी किती? तिथे मोजणारा तिसरा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर घरच्या काट्याचं वजन सांगू नकोस, मार्केट यार्डातल्या काट्याची पावती दाखव.

बॉल न आलेले खेळ

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक पोरगा आपला हायलाइट व्हिडिओ पाठवतो. त्यात काय असतं? पंधरा-वीस झक्कास कॅच, मागे म्युझिक. तो बघून निर्णय घेणं म्हणजे शोकेस बघून गोडाऊन विकत घेणं. चांगला कोच पूर्ण सामन्याचा व्हिडिओ मागवतो, आणि त्यात जिथे बॉल या पोराकडे आलाच नाही ते खेळ बघतो. एका सामन्यात असेच खेळ जास्त असतात. तेव्हा हा काय करतो? आपल्या साथीदाराला वाट मिळावी म्हणून समोरच्याला रेटतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असताना जो पोरगा रमतगमत धावतो, तो समोरच्या कॉर्नरबॅकला फुकटात सांगत असतो की पास येणार नाहीये. म्हणजे आळस करतो एक, आणि भुर्दंड बसतो सगळ्या संघाला. गिऱ्हाईक नसताना काउंटरमागचा माणूस काय करतो, ते दोन दिवस बघा. फळी पुसतो, संपत आलेला माल लिहून ठेवतो, की मोबाईल? मुलाखतीत हे कधीच कळत नाही.

मग हात बघायचे. बॉल बोटांनी, शरीरापासून लांब पकडतो की छातीशी कवटाळतो? छातीवर आपटलेला बॉल वरच्या पातळीवर उडून समोरच्याच्या हातात जातो. आणि पाय. जोरात धावताना कंबर खाली घेऊन दोन-तीन पावलांत थांबता-वळता आलं, तर अडवणारा मागे राहतो. ही गोष्ट स्टॉपवॉचवर दिसतच नाही, पण रिसीव्हरची अर्धी रोजीरोटी त्यावर आहे.

आकड्यांचंही तसंच. एका पोराचे वर्षात ८० कॅच, दुसऱ्याचे २०. पहिला भारी? थांबा. दुसऱ्याचा संघ बॉल फेकतच नसेल, नुसता पळवत असेल तर? पहिल्याच्या समोरच्या शाळा कच्च्या असतील तर? एसटी स्टँडसमोरच्या टपरीचा खप आणि आतल्या गल्लीतल्या टपरीचा खप एका वहीत मांडून कोण चहा चांगला करतो हे ठरत नाही.

अंगाने पोरगा आज किती आहे यापेक्षा तीन वर्षांनी किती भरेल, हेही बघतात. मनगटं, खांदे, वडिलांची उंची. आणि अभ्यास! सर्वोच्च विभागात खेळायचं तर ठरलेले १६ मुख्य विषय आणि किमान २.३ ची सरासरी लागते. ते नसेल तर बाकी सगळं बाजूला. काही कोच तर शाळेत गेल्यावर ऑफिसातल्या बाईंना आणि सफाई कामगारांना विचारतात, पोरगा तुमच्याशी कसा बोलतो? मला ही चौकशी सगळ्यात आवडते. फुकट आहे आणि खोटं बोलण्याचं कोणाला कारण नाही.

कूपर कपचं काय झालं

वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावचा हा पोरगा. आजोबा आणि वडील, दोघंही व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेले. तरी हायस्कूलच्या शेवटच्या मोसमापर्यंत एकही स्कॉलरशिप हातात नव्हती. बारीक अंग, वेग साधारण. शेवटी दोनच कॉलेजं पुढे आली, ती पण दुसऱ्या फळीतली: ईस्टर्न वॉशिंग्टन आणि आयडाहो स्टेट. ईस्टर्न वॉशिंग्टनकडून त्याने ४२८ कॅच घेतले, ६,४६४ यार्ड आणि ७३ टचडाऊन. त्या पातळीवरचे विक्रम. तरीही २०१७ च्या ड्राफ्टआधी तो ४० यार्ड ४.६२ सेकंदांत धावला आणि ६९ व्या क्रमांकावर निवडला गेला. २०२१ च्या मोसमात कॅच, यार्ड, टचडाऊन तिन्हींत तो व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला, आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची ताकद होती रूट. तीच, स्टॉपवॉचवर न दिसणारी.

जेरी राइसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मिसिसिपीतल्या गवंड्याचा पोरगा, लहानपणी वडिलांच्या हाताखाली भावांनी फेकलेल्या विटा झेलायचा. मोठ्या कॉलेजांनी दुर्लक्ष केलं, छोट्या मिसिसिपी व्हॅली स्टेटने घेतलं. कारकिर्दीत १,५४९ कॅच.

पण एक सांगतो. या गोष्टी ऐकून लगेच "रेटिंगबिटिंग सगळं फालतू" असं ठरवू नका. तिथे हायस्कूलच्या पोरांना स्टार देणाऱ्या संस्था आहेत, आणि पाच स्टारवाल्यांतून व्यावसायिक संघात जाणाऱ्यांचं प्रमाण तीन स्टारवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. कूपर कप एखादाच असतो, म्हणून तर त्याची गोष्ट होते. पण एक बघा, पाच स्टारवाला पोरगा छोट्या कॉलेजात येतच नाही. मोठे संघ त्याला आधीच उचलतात. तुमचं-माझं दुकान म्हणजे ईस्टर्न वॉशिंग्टन. मॉलमधल्या शोरूमइतका पगार आपण देऊ शकत नाही. म्हणजे शोरूमवाला जे मोजत नाही, ते आपल्याला मोजावं लागणार.

मी स्वतः आता मुलाखत दहा मिनिटांतच आटपतो आणि तीन दिवस पगारी ट्रायल देतो. एक दिवस गर्दीचा, एक रिकामा, एक माल उतरवण्याचा. त्या तीन दिवसांत वहीत काय लिहायचं, त्याचा तक्ता पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर तुमच्याकडे सध्या जो माणूस आहे, त्याचा रिकामा दिवस एकदा बघून ठेवा.