मुलांनी लिहून ठेवलेले आयर्लंड

आयर्लंड म्हटले की हिरव्या टोप्या, दाढीवाला बुटका लेप्रेकॉन आणि सतरा मार्चची संत पॅट्रिकची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. यातला बराच भाग समुद्रापलीकडे गेलेल्या आयरिश माणसांनी घडवला आणि तो पुढे मायदेशी परतला. चुलीपाशी, विहिरीपाशी, शेताच्या बांधावर जगलेले आयर्लंड वेगळे आहे. ते आज आपल्याला वाचायला मिळते याचे मोठे श्रेय शाळकरी मुलांना जाते. त्या देशाच्या सणांचा आणि लोककथांचा आढावा घेताना माझे म्हणणे एकच आहे : वारसा नुसत्या अभिमानावर टिकत नाही. कोणीतरी विचारावे लागते, कोणीतरी सांगावे लागते आणि कोणीतरी लिहून घ्यावे लागते.

दुष्काळाने नेलेले, वह्यांनी राखलेले

1841च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या 80 लाखांहून अधिक होती. 1845पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण त्या एका पिकावर होते. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, तेवढीच देश सोडून गेली. पावणेदोनशे वर्षांनंतरही बेटाची लोकसंख्या 1841च्या आकड्याला पोचलेली नाही. सर्वांत मोठा घाव बसला तो पश्चिमेकडच्या, आयरिश भाषा बोलणाऱ्या गरीब वस्त्यांवर. माणसांबरोबर त्यांच्या गोष्टी, औषधे, गाणीही गेली.

उरलेले तरी हातचे जाऊ नये, ही तळमळ घेऊन स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने 1935 साली लोकवाङ्मय आयोग नेमला. त्याची सूत्रे शेमस ओ डुलार्गा यांच्याकडे होती. 1923मध्ये केरी परगण्यात त्यांना शॉन ओ कोनल हा म्हातारा शेतकरी भेटला होता. त्याला फक्त आयरिश येत असे. गावात ऐकणारे उरले नव्हते, म्हणून गोष्टी विसरू नयेत यासाठी तो आसपास कोणी नाही असे पाहून त्या स्वतःशीच मोठ्याने सांगत असे. ओ डुलार्गांनी त्याच्या गोष्टी वर्षानुवर्षे उतरवून घेतल्या.

आयोगाचे संकलक सायकलवर मेणाच्या नळ्यांचे ध्वनिमुद्रण यंत्र लादून खेडोपाडी फिरत. पैसा इतका थोडा की मजकूर कागदावर उतरला की नळी तासून पुन्हा वापरायची. शब्द राहिले, पण बहुतेकांचे आवाज गेले. ब्लास्केट बेटावर राहिलेल्या पेग सेअर्स या बाईंकडून शेकडो कथा मिळाल्या. त्यांचे आत्मचरित्र 1936मध्ये निघाले, तेही मुलाला तोंडी सांगून. ते बेट 1953मध्ये कायमचे रिकामे झाले.

आयोगाचे सर्वांत मोठे काम मात्र शाळांत झाले. 1937 ते 1939 या काळात प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना निबंधाऐवजी एक नवे काम मिळाले. शिक्षकांच्या हाती 55 विषयांची पुस्तिका दिली होती : गावातला पुरलेला खजिना, हवामानाचे ठोकताळे, घरगुती औषधे, पवित्र विहिरी, खेळ, दुष्काळाच्या आठवणी. मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचे आणि वहीत लिहून आणायचे. सुमारे 5,000 शाळांतली 50,000हून अधिक मुले या कामाला लागली. मुलांच्या वह्या आणि शिक्षकांनी केलेल्या प्रती मिळून सात लाखांवर पाने जमली. आज हा ठेवा डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. बांधीव खंडांची पाने संगणकावर कोणालाही वाचता येतात. मी ती वाचते तेव्हा मला सर्वांत मोलाचे वाटते ते गोष्टीखाली लिहिलेले सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव. इतिहासात ज्यांचा कुठे उल्लेख झाला नसता, अशा माणसांची नोंद नातवंडांच्या अक्षरात झाली आहे.

साउइनपासून वर्षाची सुरुवात

आपला दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच सुमारास आयर्लंडमध्ये साउइन येतो. 31 ऑक्टोबरच्या रात्री उन्हाळा संपून वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होतो. या रात्री मृतांच्या आणि अदृश्य लोकांच्या जगाचे दार उघडते, अशी समजूत. रॉसकॉमन परगण्यातल्या राथक्रोहन येथील ओवेनागॅट ही गुहा जुन्या कथांत त्या जगाची वाट मानली आहे.

घरात मात्र या रात्री भय कमी आणि आनंद जास्त. बटाटा कुस्करून त्यात केल किंवा कोबी घातलेले कोलकॅनन, आणि मनुका घातलेला बार्मब्रॅक हा गोडसर पाव. पावात वस्तू दडवलेल्या असत. अंगठी मिळाली तर लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी मिळाली तर दारिद्र्य. त्या रात्री घरी येणाऱ्या पूर्वजांसाठी चुलीत विस्तव ठेवायचा, कुठे जेवणही मांडून ठेवायचे. मुले सलगम कोरून त्यात दिवा लावत. मेयो परगण्यातल्या ग्रामजीवन संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका कोरलेल्या सलगमाचा साचा आहे. त्याचा चेहरा भोपळ्याच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी उग्र आहे. भोपळा आला तो अमेरिकेत, स्थलांतरितांना तिथे तो सहज मिळाला म्हणून.

थंडीच्या मध्यावर नाताळ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी खिडकीत मोठी मेणबत्ती लावायची, शक्यतो घरातल्या धाकट्याच्या हातून. वाट चुकलेल्या कोणालाही, मेरी आणि जोसेफलासुद्धा, या घरात जागा आहे असा त्याचा अर्थ. 1990मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी परदेशी गेलेल्या आयरिश माणसांसाठी राष्ट्राध्यक्ष निवासाच्या खिडकीत दिवा लावला. घरगुती रीत अशी देशाची झाली.

26 डिसेंबर हा रेन या चिमुकल्या पक्ष्याचा दिवस. पूर्वी मुले तो पक्षी मारून फांदीला बांधत आणि दारोदार गात पैसे मागत. आता डिंगल गावी गवताचे वेष घालून, ढोल-बासऱ्या वाजवत मिरवणुका निघतात, पक्षी मात्र मारत नाहीत. 6 जानेवारीला ‘नॉलिग ना मॉन’ म्हणजे बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरी भागांत या दिवशी पुरुषांनी घरकाम करायचे आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा-केकचा आनंद घ्यायचा, अशी रीत आहे.

1 फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा दिवस आणि वसंताची चाहूल. लव्हाळ्यांचा क्रॉस विणून दाराच्या वर लावतात. आदल्या रात्री कापडाचा तुकडा बाहेर ठेवतात. त्याला ब्रिजिडचा स्पर्श होतो आणि तो डोकेदुखीवर, गाईच्या बाळंतपणात उपयोगी पडतो, अशी श्रद्धा. 2023पासून ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी आहे. एका स्त्रीच्या नावाने मिळालेली ही त्या देशातली पहिली सुट्टी मला फार महत्त्वाची वाटते.

‘ती माणसे’ आणि त्यांची झाडे

आयरिश परी म्हणजे पंखांची नाजूक मुलगी नव्हे. तिथले ‘शी’ हे टेकड्यांच्या पोटात राहणारे, माणसाएवढे, मानी आणि कोपिष्ट लोक. त्यांचे नाव घ्यायचे नाही, ‘ती भली माणसे’ म्हणायचे. मध्ययुगाच्या आरंभी शेतकऱ्यांनी घराभोवती उभारलेली मातीची गोल कुंपणे पुढे त्यांची घरे मानली गेली. अशी 40,000हून अधिक कुंपणे देशभर आहेत. त्यांवर नांगर धरायला शेतकरी धजावत नसत. पुरातत्त्वाचे जे रक्षण कायद्याला उशिरा जमले, ते या धाकाने शतकानुशतके केले. 1999मध्ये क्लेअर परगण्यात लाटून येथे नवा महामार्ग होताना कथाकार एडी लेनिहन यांनी शींचे मानले गेलेले एक हॉथॉर्नचे झाड वाचवावे म्हणून आवाज उठवला. ते झाड राखले गेले.

याच श्रद्धेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. 1895मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळले. खरी बायको शींनी पळवली आणि घरात तिचे सोंग घेतलेली दुसरीच कोणी आहे, असे तो म्हणत होता. लोकश्रद्धेचे संकलन करताना हेही त्याच काळजीने नोंदवायला हवे. वारसा म्हणून जे जपायचे त्यात काय सोडून द्यायचे, हे नोंद असेल तरच ठरवता येते.

कधी अशी तोंडी आठवण विज्ञानालाही वाट दाखवते. न्यूग्रेंजचे सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचे दफनस्थान खणताना मायकेल ओ’केली यांच्या कानावर येई की वर्षातल्या कुठल्यातरी दिवशी सूर्य आतपर्यंत पोचतो. खोदकामात दारावर एक झरोका सापडला. 21 डिसेंबर 1967च्या पहाटे ते आत थांबले आणि सूर्यकिरण थेट गाभाऱ्यापर्यंत आला. तो सुमारे 17 मिनिटे राहिला.

परदेशी जाऊन परत आलेला सण

संत पॅट्रिक पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमधून गुलाम म्हणून आयर्लंडमध्ये आणलेला मुलगा. सुटका झाल्यावर तो धर्मोपदेशक होऊन पुन्हा तिथेच आला. त्याचा दिवस घरी साधेपणाने साजरा होई : चर्चला जायचे आणि टोपीत शॅमरॉकची तीन दलांची पाने खोवायची. 1903मध्ये त्याला सुट्टी मिळाली, पण 1960च्या आसपासपर्यंत त्या दिवशी मद्यालये कायद्याने बंद असत. न्यूयॉर्कची मिरवणूक मात्र 1762पासूनची, अमेरिका स्वतंत्र होण्याआधीची. जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री घरात ‘अमेरिकन वेक’ होई. जाणारा जिवंत, पण परत दिसणार नाही, म्हणून मयताप्रमाणे रात्र जागवायची. अशा निरोपाने गेलेल्यांना तिथे उपहास आणि दारिद्र्य सोसावे लागले. रस्त्यावर उतरून ‘आम्ही आहोत’ असे सांगणे ही त्यांची गरज होती. मिरवणुकीच्या भडक हिरव्या रंगाकडे मी त्यामुळे आदरानेच पाहते.

आपल्यासाठी

मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत यांनी आयुष्ये वेचली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हे काम थोर आहे, पण ते मोजक्या माणसांच्या खांद्यांवर झाले. आयर्लंडने तेच काम शाळेच्या वहीत नेले आणि दोन वर्षांत अर्धा लाख संकलक उभे केले. त्याला लागला तो विषयांचा एक साधा तक्ता आणि शिक्षकांचा विश्वास.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अभ्यास देणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे : यंदा एक वही याच कामासाठी द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुष्काळ, विहीर, औषध, देव, भूत, सण यांविषयी मुलांनी विचारावे, ते त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि खाली नाव, वय, गाव घालावे. सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवर हे करून घ्या.