एका बाइटचा पहारा
चालत्या यंत्राच्या पोटात : लेखांक ९

पावसाळ्यातल्या रविवारी भाज्याच्या लेण्यांच्या पायऱ्या माणसांनी फुललेल्या असतात आणि बहुतेकांच्या हातात फोन असतो. अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स कर्नेल असतं, आणि ते बहुधा आठ कोअरवर एकाच वेळी चालत असतं. क्वचित लागणाऱ्या सोयींची वाट कर्नेल बंद कशी ठेवतं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या जागी ‘काहीच करू नकोस’ अशी रिकामी सूचना असते. गरज पडली की तिच्या जागी उडीची सूचना लिहायची. म्हणजे कर्नेल चालता चालता स्वतःचाच कोड बदलतं. एक कोअर हा बदल करत असताना बाकीचे सात नेमके त्याच जागी आले तर काय होईल, हा आजचा प्रश्न.

अनेक प्रोसेसर असलेल्या प्रत्येक यंत्राला हा प्रश्न पडतो असं नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० या महासंगणकातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती. एकाने आपला कोड बदलला, तरी शेजाऱ्याची प्रत जशीच्या तशी राहायची. आजच्या फोन-लॅपटॉपमध्ये सगळे कोअर एकच मेमरी वाचतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

इंटेलच्या प्रोसेसरवर ती जास्त टोचते, कारण तिथे सूचनेची लांबी ठरलेली नसते. ती १ ते १५ बाइट कितीही असते. आपली रिकामी सूचना ५ बाइटची, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिली तर : ०एफ १एफ ४४ ०० ००. तिच्या जागी ई९ने सुरू होणारी, ५ बाइटचीच उडी लिहायची आहे. लिहिणं अर्ध्यावर असताना दुसऱ्या कोअरने ती वाचली, तर पहिला बाइट नवा आणि पुढचे जुने, अशी खिचडी त्याच्या वाट्याला येते आणि तो भलत्याच पत्त्यावर जाऊन पडतो. शिवाय प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच उचलून, त्यांची फोड करून ठेवतात. मेमरीत नवं लिहून झालं, तरी एखाद्या कोअरच्या पोटात जुनंच असू शकतं. माझ्या मते खरी अवघड गोष्ट हीच. लिहिणं एका कोअरचं काम आहे. जुनं सगळ्यांनी सोडून दिलंय याची खात्री मात्र प्रत्येकाकडून घ्यावी लागते.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे ‘स्टॉप मशीन’. सगळ्या कोअरना हातातलं काम टाकायला लावायचं, इंटरप्ट बंद करून जागच्या जागी फिरवत ठेवायचं, एकाने बदल करायचा आणि मग सगळ्यांना सोडायचं. मळवलीहून लोकलने पुण्याला जाणाऱ्यांना मेगाब्लॉक समजावून सांगायला नको. हा कर्नेलचा मेगाब्लॉक. काम बिनधोक होतं, पण पाच बाइटसाठी अख्खं यंत्र थांबतं. जिथे ठरल्या वेळेत उत्तर मिळालंच पाहिजे, तिथे एवढा खंड परवडत नाही.

म्हणून डीबगरच्या जगातली एक जुनी चीज कामाला आली : ब्रेकपॉइंट. इंटेलवर ही सूचना एकाच बाइटची आहे, सीसी. एक बाइट अर्धवट लिहिला जाऊच शकत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. पाचांपैकी फक्त पहिल्या बाइटवर सीसी ठेवायचा. मग प्रत्येक कोअरला इंटरप्ट पाठवून, आधी उचललेलं सगळं टाकून नव्याने वाचायला लावणारी सूचना चालवायला लावायची. सगळ्यांकडून पोच आली, की मागचे चार बाइट निवांत लिहायचे, कारण आता सीसी ओलांडून तिकडे कुणी पोचणार नाही. पुन्हा सगळ्यांकडून पोच. शेवटी सीसी काढून ई९ लिहायचा आणि तिसऱ्यांदा पोच घ्यायची.

मधल्या काळात एखादा कोअर तिथे आलाच, तर तो सीसीवर अडखळतो आणि कर्नेलच्या हाती येतो. ही जागा आपलीच आहे हे ओळखून कर्नेल त्याला नव्या उडीच्या मुक्कामी परस्पर पोचवतं. कुणालाही ताटकळत ठेवावं लागत नाही. या कल्पनेचं मला फार कौतुक वाटतं. कर्नेलमधली फंक्शनं कधी चालतात याचा माग काढणारी एफट्रेस ही सोय इंटेलवर २०१२ मध्ये स्टॉप मशीन सोडून याच वाटेने गेली.

त्याच एफट्रेसची २००८ मधली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लिनक्स २.६.२७ची चाचणी चालू असताना काही जणांच्या लॅपटॉपमधली इंटेलची नेटवर्क कार्डं अचानक निकामी होऊ लागली. कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच बिघडलेला असायचा. साहजिकच संशय कार्डाच्या ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला. बराच शोध घेतल्यावर दोष एफट्रेसचा निघाला. कोडमध्ये कुठे कुठे बदल करायचा, त्या पत्त्यांची यादी एफट्रेस चालता चालता तयार करायचं. त्यात मॉड्यूल सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडचेही पत्ते असत. तो कोड नंतर मोकळा केला जाई आणि त्याचा पत्ता दुसऱ्या कामाला दिला जाई. या कार्डांच्या बाबतीत तो पत्ता आता थेट कार्डाच्या मेमरीकडे नेत होता, आणि एफट्रेस तिथे कोड आहे असं समजून लिहीत होतं. २.६.२७.१मध्ये ही सोय बंद करावी लागली. पुढच्या आवृत्तीत पत्त्यांची यादी कर्नेल बांधतानाच तयार होऊ लागली.

भाज्यातल्या त्या फोनांपुरतं बोलायचं, तर त्यांचं काम सोपं आहे. ६४ बिटांच्या एआरएममध्ये प्रत्येक सूचना ४ बाइटचीच असते, आणि रिकामी सूचना, उडी, ब्रेकपॉइंट अशा मोजक्या सूचना चालू कोडमध्ये एकमेकींच्या जागी लिहिल्या, तरी दुसऱ्या कोअरला जुनी किंवा नवीच दिसेल, मधलं काही दिसणार नाही, अशी हमी एआरएमच्या रचनेतच आहे. बाकीच्या सूचनांसाठी तिथेही स्टॉप मशीन लागतं.

एका सूचनेचं झालं. पण चूक अख्ख्या फंक्शनमध्ये असेल, आणि एखादी प्रक्रिया त्या जुन्या फंक्शनच्या मधोमध झोपलेली असेल, तर प्रोसेसरची पोच पुरत नाही. प्रत्येक प्रक्रियेची हवी. चालत्या कर्नेलमधलं अख्खं फंक्शन बदलण्याची सोय, म्हणजे एफट्रेसच्याच पायावर उभं असलेलं लाइव्ह पॅचिंग, लिनक्स ४.०मध्ये, एप्रिल २०१५ला आलं, तेव्हा हा प्रश्न उघडाच होता. जुलै २०१७च्या ४.१२मध्ये त्यावर काय तोडगा आला, ते पुढच्या आठवड्यात.