ट्रॉली एका एक्सलची की जोड एक्सलची?



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या ऊस विकास विभागात दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, "आमची तोड केव्हा?" आणि दुसरा, "साहेब, ट्रॉली घेतो आहे, सिंगल एक्सलची घेऊ की डबल?" पहिल्याचे उत्तर तोडणी कार्यक्रमात मिळते. दुसऱ्यासाठी हा लेख.

कोणी म्हणेल, ट्रॉली घेणारा घेईल, आम्हाला काय त्याचे? तसे नाही भाऊ. केंद्र सरकार ठरवते तो ऊसदर, म्हणजे २००९ पासून ज्याला आपण एफआरपी म्हणतो तो, कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा असतो. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊनच रक्कम तुमच्या खात्यावर येते. वाटेत ट्रॉली फसली, टायर फुटला, ऊस रात्रभर पांधणीत पडून राहिला, तर वजन घटते आणि उतारा उतरतो. उताऱ्यावर तर पुढचा दरच अवलंबून. म्हणून शेजाऱ्याची ट्रॉली कशी आहे, हा प्रत्येक सभासदाच्या पदरचा प्रश्न आहे.

एक्सल म्हणजे काय, ते आधी पाहू

एक्सल म्हणजे आपल्या बंडीचा आख. दोन चाकांना जोडणारा आणि सगळा भार पेलणारा. जोड एक्सल, म्हणजे टँडम, समजण्यासाठी खापरखेड्याच्या लोकांना लांब जायला नको. वीज केंद्राच्या रस्त्यावर उभे राहून कोळशाचे आणि राखेचे ट्रक पाहा. सहाचाकी ट्रकला मागे एकच एक्सल असतो. दहाचाकीला मागे दोन एक्सल अगदी जवळ जवळ, एकामागे एक असतात. तीच टँडमची जोडी. रेल्वेने येणारा कोळशाचा डबा पाहा, त्याच्याही प्रत्येक टोकाखाली अशीच दोन-दोन एक्सलची जोडी असते.

इथे दोन गैरसमज काढून टाकू. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या म्हणजे टँडम झाले, असे नाही. ती दोन वेगळी वाहने. तसेच एक एक्सल पुढे फिरत्या चकतीवर आणि एक अगदी मागे असलेली चारचाकी ट्रॉली, तीही टँडम नव्हे. तिचे पुढचे चाक वळते. टँडमची चारही चाके सरळच राहतात. हा फरक पुढे कामाचा आहे.

एका एक्सलची ट्रॉली

ही साधी, हलकी आणि स्वस्त. टायर दोन किंवा चार, बेअरिंग कमी, दुरुस्ती गावच्या लोहाराकडेही होते. तिचा एक्सल मध्याच्या थोडा मागे असतो, म्हणून भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्याने ट्रॅक्टरची मागची चाके दाबली जातात आणि चिखलात पकड मिळते. धुऱ्याच्या कोपऱ्यावर ती जागच्या जागी वळते. अरुंद पांधणीत या गुणाला तोड नाही.

पण तिचे तराजूसारखे आहे. ऊस पुढे जास्त रचला तर हुकावर भार वाढून ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मागे जास्त रचला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची चाके जागेवर फिरतात. प्रत्येक खड्ड्याचा हिसका सरळ हुकाला बसतो. दोनच टायर असतील आणि भरल्या ट्रॉलीचा एक फुटला, तर ट्रॉली तिथेच बसते. वेगात असेल तर कलंडते. शेजारून राखेचा ट्रक चाललेला असेल तर पुढचे सांगायला नको.

जोड एक्सलची ट्रॉली

हिच्यात भार चार जागी वाटला जातो. समजा ट्रॉली दीड टनाची आणि ऊस सहा टन. एकूण साडेसात टन. त्यातला एक टन हुकावर गेला, उरले साडेसहा. दोन टायरच्या एका एक्सलवर प्रत्येक टायरला सव्वातीन टन येतात. जोड एक्सलवर चार टायर, म्हणून प्रत्येकाला त्याच्या निम्मे. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. जोड एक्सलच्या ट्रॉलीचे स्वतःचे वजन थोडे जास्तच भरते.

दोन्ही एक्सलच्या मध्ये झुलता दांडा, म्हणजे रॉकर असेल, तर पुढचे चाक दहा सेंटिमीटर चढले तरी ट्रॉली पाचच सेंटिमीटर उचलते. हिसका निम्मा होतो. काळ्या मातीत मागचे चाक पुढच्याने दाबलेल्या चाकोरीतून जाते, त्यामुळे ओढायला जड वाटत नाही. एक टायर गेला तरी बाकीचे तीन तिला उभी धरतात, बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

आता दुसरी बाजू. चारही चाके सरळ असल्याने वळणावर ती फिरत नाहीत, आडवी घासतात. डांबरावर टायर झिजतात, ओल्या शेतात माती खरडली जाते, आणि हूक, पाटे, बेअरिंग यांच्यावर आडवा ताण येतो. जादा एक्सल आणि चाकांचे वजन रिकाम्या फेरीतही ओढावे लागते, म्हणजे डिझेल जळते. किंमत जास्त, म्हणून हप्ताही जास्त.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. जोड एक्सलने ट्रॉली आडवी कलंडण्याचे भय जात नाही. चाकांची रुंदी तीच आणि ऊस तितकाच उंच रचलेला, मग उताराच्या कडेला ती तितक्याच सहज पडते. त्यावर उपाय एकच, मोळ्या बेताने रचणे.

रस्ता कोणाचा?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून दोन वर्षे ट्रक फिरवले आणि रस्ता कशाने तुटतो ते मोजले. त्यातून निघालेला नियम असा की एका एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. उलट हिशेब करा. तोच भार दोन एक्सलवर वाटला तर दोन्ही मिळून नुकसान साधारण आठव्या हिश्श्यावर येते. हा हिशेब डांबरी रस्त्याचा आणि ढोबळ आहे, पांधणीला जसाच्या तसा लागू नाही. पण दिशा तीच. पांधण हंगामात आपल्याच ट्रॉल्यांनी मोडते आणि शेवटची तोड ज्याची, तो अडकतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहनांच्या एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन, आणि जोड एक्सलला १९ वरून २१ टन. बारकाईने पाहा, साडेअकराचे दुप्पट तेवीस होतात, पण मर्यादा एकवीसच आहे. म्हणजे कायद्यालाही जोड एक्सल दुप्पट भाराचा वाटत नाही. शिवाय ही वरची सीमा झाली. तुमच्या ट्रॉलीला लागू आकडा तिच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. त्यापेक्षा जास्त भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. अपघात झाल्यास विम्याचे भांडण वेगळेच.

मग घ्यावी कोणती?

पुढील चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. वाट कशी आहे? पांधण अरुंद, वळणे तंग आणि काट्यापर्यंतचे अंतर थोडे असेल तर एका एक्सलची घ्या, पण भार बेताचा ठेवा. शेत रस्त्याला लागून, पुढे लांबचा डांबरी रस्ता आणि वर्दळ असेल तर जोड एक्सल परवडते.

२. ट्रॅक्टर केवढा आहे? ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते. ट्रॅक्टरचे ब्रेक ट्रॅक्टरपुरते. कन्हानच्या काठच्या उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला ढकलत नेतो. जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच.

३. फेऱ्या किती? फक्त स्वतःचाच ऊस आणायचा असेल तर जोड एक्सलचे पैसे निघायला फार हंगाम लागतील. हंगामभर वाहतुकीचा करार करणार असाल तर टायर आणि खोळंब्यात बचत दिसेल.

४. बाकीचे आठ महिने काय? शेणखत, माती, संत्रा, धान्य वाहायचे असेल तर हलकी ट्रॉली जास्त उपयोगी.

घेताना काय तपासाल?

जोड एक्सलला रॉकर आहे का, ते खाली वाकून पाहा. दोन एक्सल नुसते पक्के जोडलेले असतील तर उंचवट्यावर सगळा भार एकाच एक्सलवर येतो आणि दिलेले पैसे वाया जातात. ट्रॅक्टरला जोडल्यावर ट्रॉलीचा सांगाडा जमिनीला समांतर राहतो का, ते पाहा. हुकाची उंची चुकली तर एक एक्सल सतत जास्त भार घेतो. चारही टायर एका मापाचे आणि सारख्या हवेचे असावेत. तीन नवे आणि एक घासलेला, असे चालणार नाही. रात्रीसाठी मागे लाल रिफ्लेक्टर व चमकणारी पट्टी लावा. ऊस खाली लोंबून ती झाकली जाणार नाही, हे रोज बघा. पहाटेच्या धुक्यात उभी ट्रॉली मागच्याला दिसत नाही आणि तिथेच घरे उजाड होतात.

माझे मत विचाराल तर एवढेच. जास्त ऊस भरता यावा म्हणून जोड एक्सल घेऊ नका. तेवढाच ऊस सुखरूप यावा म्हणून घ्या. हा विचार पटत नसेल, तर एका एक्सलची चांगली ट्रॉली बेताने भरून आणा. कारखान्याला तीही तितकीच प्रिय आहे.

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा शेतकी विभागात या. तुमच्या शेताची वाट आमच्या गटाच्या मंडळींना ठाऊक आहे. बसून हिशेब करू.

— ऊस विकास अधिकारी