पाच सामन्यांचा निकाल

मे २००७ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्की युनायटेड या छोट्या क्लबनं लेरॉय रोझिनियर यांची मॅनेजर म्हणून नेमणूक पत्रकारांसमोर जाहीर केली. दहाएक मिनिटांत त्यांना कळवण्यात आलं, की क्लब विकला गेला आहे आणि नव्या मालकांना दुसरा माणूस हवा आहे. त्याच देशात फ्रेड एव्हरिस १९०२ ते १९४८ अशी ४६ वर्षं वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे सचिव-मॅनेजर होते. मिनिटांत मांडलं तर हे सुमारे २ कोटी ४२ लाख मिनिटं होतात. रोझिनियरांना मिळालेल्या वेळाच्या २४ लाख पट!

आजचे मॅनेजर या दोन टोकांपैकी दहा मिनिटांच्या टोकाकडे सरकत चालले आहेत. अँजे पोस्टेकोग्लू यांनी मे २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, पण लीगमध्ये ३८ पैकी २२ सामने हरून संघ सतराव्या क्रमांकावर घसरला होता. करंडक उचलल्यावर सोळाव्या दिवशी त्यांना नारळ मिळाला. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्यांना घेतलं आणि ३९ दिवसांत, आठ सामन्यांनंतर काढून टाकलं. चेल्सीकडून ०-३ असं हरल्याची शेवटची शिट्टी वाजून अर्धा तासही झाला नव्हता, तोवर हकालपट्टीची घोषणा झाली.

संघ चार-पाच सामने जिंकला नाही, की प्रेक्षक, वर्तमानपत्रं आणि संचालक एकाच सुरात विचारू लागतात, ‘याला अजून किती दिवस ठेवायचं?’ हा प्रश्न भावनेचा मानला जातो, पण तो आधी गणिताचा आहे आणि त्याचं उत्तर चक्रावून टाकणारं आहे.

एक चांगला संघ घेऊ. तो निम्मे सामने जिंकतो, पाव सामने बरोबरीत सोडवतो आणि पाव हरतो. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत त्याचे सरासरी साडेसहासष्ट गुण होतील. हे काही किरकोळ यश नव्हे. २०२४-२५ च्या हंगामात न्यूकॅसल ६६ गुणांवर पाचवं आलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोचलं. आता या संघाचा प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक समजा. छापा पडला तर विजय, काटा पडला तर बरोबरी किंवा पराभव. संघाची कुवत बदलत नाही, खेळाडू आणि मॅनेजर तेच राहतात. अशा हंगामात विजय आणि बिनविजयाचे जितके वेगवेगळे क्रम लागू शकतात, त्यांची संख्या २७,४८७ कोटींच्या वर जाते. सेकंदाला एक क्रम या वेगानं ते लिहायला बसलं, तर ८,७०० वर्षं लागतील.

या सगळ्या क्रमांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत सलग पाच किंवा अधिक सामने विजयाविना जातात.

म्हणजे हा संघ कुठेही बिघडलेला नसताना, केवळ योगायोगानं, जवळजवळ दर दुसऱ्या हंगामात एकदा तरी अशा दुष्काळातून जाणार. तीन हंगामांचा करार धरला तर ही शक्यता ८३ टक्क्यांवर जाते. आणि खरे सामने नाण्यासारखे परस्परांपासून सुटे नसतात. दुखापती एकदम होतात, बलाढ्य प्रतिस्पर्धी वेळापत्रकात एकापाठोपाठ येतात. त्यामुळे खऱ्या संघांचे दुष्काळ या हिशेबापेक्षा लांबण्याचीच शक्यता जास्त.

त्यात फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये १,२४६ गोल झाले, ३८ सामन्यांच्या हंगामांतला तो विक्रम होता. तरी सरासरी निघाली सामन्याला सव्वातीनच्या आसपास. पोस्टला लागून बाहेर गेलेला एक चेंडू किंवा पंचांची एक शिट्टी दोन गुणांचा फरक करू शकते.

आता खरा माणूस घेऊ. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी मँचेस्टर युनायटेडसाठी १,५०० सामने सांभाळले. ८९५ जिंकले, ३३८ बरोबरीत सुटले, २६७ हरले. विजयाचं प्रमाण जवळपास ६० टक्के. एवढ्या यशस्वी माणसाच्या कारकिर्दीतही सलग पाच सामने विजयाविना जाण्याचे प्रसंग निव्वळ योगायोगानं नऊ-दहा वेळा येतील, असं गणित सांगतं. त्या प्रत्येक वेळी नारळ देण्याची सबब तयार असती.

त्यांचा सर्वात वाईट काळ १९८९-९० चा. तोवर त्यांना तीन वर्षं झाली होती आणि लीगमधले क्रमांक होते अकरा, दोन, अकरा. सप्टेंबरात मँचेस्टर सिटीनं त्यांना ५-१ असं धुतलं. १८ नोव्हेंबरला ल्यूटनला हरवल्यानंतर लीगमधला पुढचा विजय थेट १० फेब्रुवारीला आला, मधले अकरा सामने कोरडे गेले. ओल्ड ट्रॅफर्डवर फर्ग्युसनना निरोप देणारा फलक झळकला तो याच डिसेंबरात. ७ जानेवारी १९९० ला एफए कपच्या तिसऱ्या फेरीत गाठ पडली नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, तीही त्यांच्याच मैदानावर. ५६ व्या मिनिटाला मार्क ह्यूजनं बुटाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू आत वळवला आणि वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सनं तो डोक्यानं जाळ्यात ढकलला. १-०. त्या कपमध्ये युनायटेडला एकही सामना घरच्या मैदानावर मिळाला नाही, तरी मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसला फेरसामन्यात हरवून त्यांनी कप जिंकला. लीगमध्ये मात्र त्या वर्षी ते तेरावे होते.

रॉबिन्सच्या त्या गोलनं फर्ग्युसनची नोकरी वाचवली, ही कथा जगभर सांगितली जाते. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स मात्र सांगत आले, की हरलो असतो तरी त्यांना काढलं नसतं. मला ही दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. एका गोलवर माणसाची पारख करायची नाही, हे ज्याला कळलं होतं असा एक माणूस त्या क्लबच्या कचेरीत बसला होता. पहिलं लीग विजेतेपद यायला साडेसहा वर्षं लागली आणि त्यानंतर आणखी बारा आली.

‘पण नवा माणूस आला की संघ जिंकायला लागतो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो!’ असं चाहते म्हणतात. ते बघतात ते खरंच असतं. लेस्टरनं २०१६ मध्ये ५,००० ला १ असा भाव असताना विजेतेपद मिळवलं, दहा महिन्यांच्या आत मॅनेजर क्लाउडिओ रानिएरींना काढलं आणि त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअरनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. पण निम्मे सामने जिंकणारा आपला संघ दुष्काळानंतरच्या पाच सामन्यांत सरासरी अडीच जिंकणारच, मॅनेजर बदला किंवा ठेवा. बास टर वील या डच अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगचे १९८६ ते २००४ असे अठरा हंगाम तपासले. हकालपट्टीनंतर संघ सावरत होते. पण तेवढीच घसरण होऊनही ज्या क्लबांनी मॅनेजर ठेवला होता, तेही तसेच सावरत होते.

दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाईट संघालाही असेच दुष्काळ पडतात, आणि जास्त वेळा पडतात. त्यामुळे मॅनेजर बदलणं दर वेळी चूकच असतं असं नाही. मालक अब्रामोविच यांच्या काळात चेल्सीनं मॅनेजर कपड्यांसारखे बदलले आणि तरी दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. २०१२ चा मॅनेजर मार्चमध्ये आला होता, २०२१ चा जानेवारीत. पण ती चैन ज्यांना परवडते त्यांचीच. एकट्या अंतोनिओ कोंते यांच्या गच्छंतीपायी चेल्सीच्या हिशेबात २ कोटी ६६ लाख पौंड खर्ची पडले, म्हणजे आजच्या भावानं सुमारे ३०० कोटी रुपये.

माझ्या मते सर्वात महाग पडतो तो अर्धवट पाठिंबा. युनायटेडनं जुलै २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला, त्यांच्या हाती खेळाडूंच्या खरेदीसाठी जवळपास २० कोटी पौंड दिले आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना घरी पाठवलं. त्यांच्या आवडीचे खेळाडू तेवढे मागे राहिले. आर्सेनलनं ऑगस्ट २०२१ मध्ये याच्या उलट केलं. मिकेल आर्टेटा यांचा संघ आधीचे दोन हंगाम आठवा आला होता. नव्या हंगामातले पहिले तीन सामने ते हरले, ९ गोल खाल्ले, एकही केला नाही, आणि संघ गुणतालिकेच्या तळाला गेला. संचालकांनी गुण सोडून बाकी सगळं पाहिलं. तरुण खेळाडू सुधारत होते, संघाची बांधणी ठरल्याप्रमाणे चालू होती. तो हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला आणि पुढचे सलग तीन हंगाम दुसऱ्या. आपल्याकडे गोव्यात डेम्पो क्लबनं आर्मांदो कुलासो यांना दहा वर्षांहून जास्त काळ संघ सांभाळू दिला आणि त्या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं गोव्यात आली.

बर्नली या लँकेशरमधल्या गावाच्या क्लबनं हे दोन्ही मार्ग एकाच माणसावर वापरून पाहिले. शॉन डाइच यांचा संघ मे २०१५ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला. क्लबनं त्यांना ठेवलं. वर्षभरात ते खालची लीग जिंकून परत आले, २०१८ मध्ये सातवे ठरले आणि ५१ वर्षांनी गावाला युरोपातली स्पर्धा दिसली. एप्रिल २०२२ मध्ये आठ सामने उरलेले असताना, पुन्हा घसरण होण्याच्या भीतीनं, क्लबनं त्याच डाइच यांना काढलं. हंगामी मॅनेजरच्या हाताखाली पहिल्या चार सामन्यांत १० गुण मिळाले आणि निर्णय किती अचूक होता, याची चर्चा सुरू झाली. पुढच्या चार सामन्यांत मिळाला १ गुण. बर्नली अठरावं आलं आणि खाली गेलं.